१९९६ ची मर्सिडीज ई २५० डिझेल आज घ्यावी का? एका गॅरेजवाल्याचे सविस्तर उत्तर

आपण लिहिले आहे की, सांगलीत एका निवृत्त उद्योजकाकडे १९९६ ची मर्सिडीज-बेंझ ई २५० डिझेल विक्रीला आहे, गाडी आजवर एकाच मालकाच्या नावावर राहिली आहे, मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर दिसतात आणि मागितलेली किंमत एखाद्या नव्या छोट्या हॅचबॅकच्या जवळपास आहे. आपले वडील टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरीच्या कारखान्यात होते आणि त्याच आवारात या गाड्या जुळवल्या जात असताना त्यांनी त्या पाहिल्या होत्या, म्हणून आपल्याला या मॉडेलची लहानपणापासून ओढ आहे. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: ही गाडी कधीच मरत नाही असा जो लौकिक आहे तो खरा आहे का, खरा असेल तर कंपनीने अशा गाड्या करणे का सोडले, आणि ही गाडी घेऊन सांगली-पुणे अशा नेहमीच्या प्रवासाला वापरता येईल का.

मी पुण्यात गेली एकतीस वर्षे गॅरेज चालवतो. सुरुवात ट्रकच्या डिझेल पंपांपासून झाली आणि गेली पंचवीसएक वर्षे या मालिकेतल्या, म्हणजे कंपनीच्या भाषेत ‘डब्ल्यू १२४’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, गाड्या नियमितपणे माझ्या हाताखालून जात आहेत. मॉडेल चांगले होते का, याचे उत्तर मी निःशंकपणे ‘होय’ असे देईन. पण त्या उत्तराचा आपल्याला फारसा उपयोग नाही, कारण आपण मॉडेल विकत घेणार नसून जवळजवळ तीस वर्षे कोणाच्या तरी हाताखाली राहिलेली एक विशिष्ट गाडी घेणार आहात. तेव्हा आपल्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की, मुळात या गाडीत जे घातले गेले होते त्यातले आज तिच्यात किती शिल्लक आहे, आणि उरलेले राखायला आपल्याजवळ माणूस, जागा आणि सवड आहे का. आपली गाडी छपराखाली उभी राहणार की उघड्यावर, घरात दुसरी गाडी आहे की नाही, इंजेक्शन पंप (इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप) समजणारा कारागीर सांगली-कोल्हापूरच्या टप्प्यात आपल्या ओळखीचा आहे की नाही, यावर उत्तर पुष्कळ बदलते, आणि यातले काहीच आपल्या पत्रातून मला कळलेले नाही. म्हणून मी आधी लौकिकाचे कारण सांगतो आणि मग गाडी कशी पाहावी ते सांगतो.

या गाडीविषयी माझे मत एका वाक्यात असे आहे: ती टिकते, कारण ती वारंवार उघडता यावी, दुरुस्त करता यावी आणि पुन्हा रस्त्यावर यावी अशा बेताने बांधलेली आहे, निगा न राखताही चालत राहील अशी ती कधीच बांधलेली नव्हती. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि मग दोष गाडीला देतात.

हा बेत कंपनीच्या इतिहासात फार पूर्वीपासून चालत आलेला आहे. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारगाडीसाठी पेटंटचा अर्ज केला, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ऑगस्ट १८८८ मधला प्रवास. कार्लची पत्नी बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर गाडी घेऊन गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीच्या लांब टाचणीने ती साफ केली, वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन हे इंधन विकत घेतले, आणि लाकडी ब्रेक झिजला तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. म्हणजे मोटारीचा पहिला लांब प्रवास हा वाटेतल्या दुरुस्त्यांचाही पहिला प्रवास होता, आणि परत आल्यावर काय सुधारायला हवे हे तिनेच घरी सांगितले. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही हकिगत सांगतो.

दुसरीकडे स्टुटगार्टजवळच्या कान्स्टाट येथे गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी वेगाने फिरणारे हलके इंजिन बनवले होते. ‘सर्वोत्तम, नाहीतर काहीच नाही’ हे डाइमलरचे ब्रीद पुढे कंपनीचे ब्रीद झाले. ‘मर्सिडीज’ हे नाव मात्र दोघांपैकी कोणाच्याही घरातले नाही. एमिल येलिनेक या ऑस्ट्रियन व्यापाऱ्याने डाइमलरच्या गाड्या विकताना आपल्या मुलीचे नाव पुढे केले, मायबाखने त्याच्या आग्रहावरून बनवलेली १९०१ ची ३५ अश्वशक्तीची गाडी गाजली आणि १९०२ मध्ये ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेले. तीन टोकांचा तारा १९०९ चा. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत बेंझ आणि डाइमलर या दोन्ही कंपन्यांना एकट्याने उभे राहणे कठीण झाले आणि जून १९२६ मध्ये त्यांचे विलीनीकरण होऊन डाइमलर-बेंझ ही कंपनी झाली.

आपल्या गाडीच्या दृष्टीने या वंशावळीतले महत्त्वाचे वर्ष १९३६ आहे. त्या वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात २६० डी ही गाडी मांडली गेली. डिझेल इंजिनाची मालिका-उत्पादनातली ही अगदी पहिल्या मोटारींपैकी एक, आणि तिचा ठरलेला गिऱ्हाईक टॅक्सीवाला होता. टॅक्सीवाल्याला गाडी बंद उभी ठेवणे परवडत नाही आणि नवी घेणेही परवडत नाही; त्याला आज बिघडलेली गाडी उद्या सकाळी दारात हवी असते. या गिऱ्हाइकाने पुढची पन्नास वर्षे या कंपनीच्या डिझेल गाड्यांना वळण लावले, असे मी मानतो.

या इतिहासातला काळा भागही सांगितला पाहिजे. नाझी राजवटीत ही कंपनी विमानांची इंजिने आणि लष्करी वाहने बनवत होती, आणि १९४४ पर्यंत तिच्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक सक्तीने आणलेले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी होते. कंपनीने पुढे हे स्वतः मान्य केले आहे. तिच्या कारागिरीचे कौतुक करताना मी हे विसरत नाही आणि कोणी विसरू नये असे मला वाटते.

युद्धानंतर दोन धागे एकत्र आले. एक सुरक्षिततेचा: बेला बारेनी या अभियंत्याने मोटारीचा मधला भाग, म्हणजे माणसे बसतात तो कप्पा, कडक ठेवून पुढचा-मागचा भाग आघात झेलत चुरगळू द्यावा ही कल्पना मांडली; तिच्या पेटंटचा अर्ज १९५१ चा आहे आणि १९५९ च्या मॉडेलात ती पूर्णपणे उतरली. दुसरा धागा टॅक्सीचा: १९६८ ची आणि त्यानंतर १९७६ ची मध्यम आकाराची सेडान. यातली दुसरी, डब्ल्यू १२३, सुमारे २७ लाख बनली. त्याआधीच्या, १९६८ च्या पिढीतल्या, पण १९७६ मध्ये बनलेल्या एका २४० डी गाडीने ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिदिस या टॅक्सीचालकाकडे ४६ लाख किलोमीटर पूर्ण केले आणि ती गाडी आज स्टुटगार्टच्या संग्रहालयात आहे. ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक एक तपशील गाळतात: त्या गाडीची इंजिने त्या काळात पुन्हा पुन्हा उतरवून बदलली आणि दुरुस्त केली गेली. माझ्या मते त्यामुळे त्या आकड्याचे मोल कमी होत नाही, उलट ते कशात आहे हे कळते. इंजिन उतरवायला सोपे होते, सुटे भाग मिळत होते आणि चालकाला निगा राखण्याची शिस्त होती.

आपली गाडी या घराण्यातली पुढची. ती १९८४ च्या अखेरीस बाजारात आली आणि सेडान, इस्टेट, कूपे, कॅब्रिओले मिळून पंचवीस लाखांहून अधिक बनली. तिचे बाह्यरूप ब्रूनो साक्को यांच्या देखरेखीखाली ठरले. ‘जुन्या मर्सिडीजचा पत्रा जाड असतो’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. या गाडीच्या बाबतीत ते बरोबर नाही. तिच्या अभियंत्यांनी वजन कमी ठेवण्यासाठी उच्च ताकदीचे पोलाद मुद्दाम वापरले होते आणि हवेचा रोध कमी व्हावा म्हणून पुष्कळ कष्ट घेतले होते. तिचे बळ जाडीत नाही, जोडणीत आहे. मागच्या प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांड्यांनी धरलेले आहे. ही रचना १९८२ च्या १९० या छोट्या सेडानमधून आली आणि त्यामुळेच ही गाडी खराब रस्त्यावरही मागून सहजी घसरत नाही. पुढच्या काचेला एकच वायपर आहे, पण तो फिरता फिरता कोपऱ्यांकडे लांबतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो.

मला स्वतःला मात्र या गाडीत सर्वांत आवडते ते तिचे बॉनेट. बिजागरीपाशी असलेला अडसर सोडवला की ते नेहमीच्या उंचीवर न थांबता सरळ ९० अंशांत उभे राहते, एखाद्या उघडलेल्या कपाटाच्या दारासारखे. कारागीर समोरून, डावीकडून, उजवीकडून इंजिनावर वाकू शकतो आणि डोक्याला काही लागत नाही. टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपांची वेळ साधणारी साखळी) ताणली गेली असेल तर जुन्या चेनची एक कडी तोडून तिला नवी चेन जोडायची आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवत नवी आत ओढून घ्यायची; इंजिनाचा पुढचा भाग खोलावा लागत नाही. मी हे काम अनेकदा केले आहे. नकाशा काढतानाच कोणीतरी, वीस वर्षांनी हे काम करणाऱ्या माणसाचा विचार केला होता, हे तेव्हा हाताला कळते.

आता आपला दुसरा प्रश्न: हे सारे सोडले का? कंपनीची जुनी रीत अशी होती की अभियंत्यांनी आपल्याला पटेल तशी गाडी करायची आणि तिला आलेल्या खर्चावर नफा धरून किंमत ठरवायची. १९८९ मध्ये अमेरिकेत जपानची लेक्सस आली, तिने तशीच शांत आणि नीट जोडलेली मोठी गाडी पुष्कळ कमी किमतीत दिली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात मंदीही आली. त्यानंतर कंपनीने हिशेब उलटा केला: गिऱ्हाईक किती देईल ते आधी ठरवायचे आणि त्यात बसेल तशी गाडी आखायची. त्याच सुमारास गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण झपाट्याने वाढले, प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कंपनी छोट्या गाड्यांपासून उंच गाड्यांपर्यंत सगळीकडे पसरली. मी याला अधःपात म्हणणार नाही. नंतरच्या गाड्या जास्त सुरक्षित आहेत, कमी धूर सोडतात आणि कमी तेल पितात. मात्र त्या सुटा भाग दुरुस्त करण्याऐवजी बदलण्याच्या बेताने बांधल्या गेल्या, आणि आपल्याला जो फरक जाणवतो तो मुख्यतः हा आहे.

आपल्या मातीशी या गाडीचे नाते जुने आहे, हेही सांगितले पाहिजे. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा ट्रक बनवण्याचा करार १९५४ चा. जमशेदपूरला बनलेले, नाकावर तारा मिरवणारे ट्रक आपल्या घाटांतून दीड दशक तरी त्या करारानुसार धावत राहिले आणि माझे उस्ताद ज्या पंपांवर शिकले ते त्याच ट्रकचे. पुढे १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझची भारतातली मोटार कंपनी स्थापन झाली आणि १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात जर्मनीहून आलेल्या भागांतून हीच डब्ल्यू १२४ जुळवली जाऊ लागली. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ मधला. म्हणजे जर्मनीत या सेडानची जागा पुढची पिढी घेत असताना ती पिंपरीत सुरू झाली, आणि आपल्या वडिलांनी पाहिली ती या घराण्याची भारतातली पहिली पिढी होती. आपली ओढ मला समजते. परंतु गाडी तपासायला जाताना ती ओढ घरी ठेवून जा.

गाडी कशी पाहावी ते आता सांगतो. मालकाला आदल्या रात्री फोन करून सांगा की सकाळी मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, आणि पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटखाली हात लावून इंजिन खरोखर थंड आहे ना ते पाहा. गरम इंजिन सुरू होते, त्यात विशेष काही नाही. थंड इंजिनात किल्ली फिरवून हीटर प्लगचा (थंड डिझेल इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत थांबा आणि मग स्टार्टर मारा. चांगले इंजिन लगेच सुरू होते आणि थोडा पांढुरका धूर सोडून अर्ध्या-पाऊण मिनिटात स्थिर होते. एका सिलिंडरचा ठोका चुकत असेल तर बहुधा एखादा हीटर प्लग गेलेला असतो, ते किरकोळ आहे. पण पाच मिनिटांनंतरही निळसर धूर येत असेल तर तेल जळते आहे असे समजा. त्यानंतर चालू इंजिनावर तेल भरण्याचे झाकण सोडवून तोंडावर नुसते उलटे ठेवा. ते किंचित थरथरले तर चालेल. उडून पडले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतो आहे, आणि इंजिनाचे मोठे काम अंगावर येणार आहे.

इंजिनाचा क्रमांक ६०२ या आकड्यांनी सुरू होतो की ६०५ ने, तेही पाहून ठेवा. दोन्ही पाच सिलिंडरची अडीच लिटरची इंजिने आहेत, पण पहिल्यात प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा आहेत आणि दुसऱ्यात चार. पहिले अधिक साधे आहे, दुसरे अधिक जोरदार. ज्या इंजिनांचा पंप पूर्णपणे यांत्रिक आहे त्यांत एक सुंदर परीक्षा करता येते. त्यांत किल्ली बंद केल्यावर इंजिन थांबवण्याचे काम वीज करत नाही, व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून घेतल्याने तयार झालेली पोकळी, करतो. एक बारीक नळी पंपाच्या मागच्या छोट्या डबीला ओढ देते आणि डिझेल तुटते. किल्ली बंद करा आणि मोजा. इंजिन लगेच थांबले तर ती सारी नळ्यांची वीण शाबूत आहे. ते दोन-चार सेकंद रेंगाळले, तर कुठेतरी रबर तडकले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशी एक गाडी आली होती की ती बंदच होत नसे. आधीच्या कारागिराने गळती शोधण्याऐवजी एका फाट्यात लाकडाची खुंटी ठोकून तो बुजवला होता आणि मालक दोन वर्षे बॉनेट उघडून हाताने लिव्हर दाबून इंजिन बंद करत होता. खराब झालेला रबरी तुकडा बोटाच्या पेराएवढा निघाला. ती खुंटी पाहिल्यावर त्या गाडीत आणखी काय काय झाकलेले असेल याचा मला अंदाज आला आणि तो दुर्दैवाने खरा ठरला.

गंज हा इंजिनापेक्षा मोठा शत्रू आहे. दारांच्या खालच्या बाजूला जे प्लास्टिकचे रुंद पट्टे दिसतात ते गाडीला शोभून दिसतात, पण त्यांच्यामागे धूळ-पाणी साठते आणि वरून काहीच कळत नाही. दारांखालच्या कडेला जॅक लावण्याची गोल भोके आहेत, त्यांवर प्लास्टिकची बुचे असतात. चारही बुचे काढा आणि कडेने स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहा. नाशिकच्या एका डॉक्टरांनी अशीच एक गाडी चकाकते पॉलिश पाहून घेतली आणि आठवड्याने माझ्याकडे आणली; लिफ्टवर घेऊन मी मागचे डावे बूच काढले तर स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि तांबूस भुगा तळहातावर पडला. पत्र्याचे काम इंजिनाच्या कामाच्या दुप्पट झाले. ती गाडी किनाऱ्यालगत वाढलेली होती, हे नंतर कळले. सांगलीची हवा कोरडी असली तरी २००५ च्या आणि २०१९ च्या पुरांत आपल्याकडे गाड्या पाण्यात गेल्या आहेत, तेव्हा पायाखालचे गालिचे उचलून त्यांच्याखालचा थर आणि सीटचे बोल्ट जरूर पाहा. या एका तपासणीत मालकाने आढेवेढे घेतले तर कुठेतरी पाणी मुरते आहे असे समजायला हरकत नाही.

मीटरच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका. या मालिकेत किलोमीटर मोजणारे छोटे दातेरी चाक वयोमानाने तुटते आणि आकडा थांबून राहतो, त्यामुळे मालक प्रामाणिक असला तरी आकडा खोटा असू शकतो. त्यापेक्षा पेडलच्या रबराची झीज, चालकाच्या सीटची कड आणि जुन्या सर्व्हिसच्या पावत्या अधिक खरे बोलतात. स्टिअरिंगला थोडी मोकळीक असणे या गाडीत स्वाभाविक आहे, पण सरळ रस्त्यावर सतत दुरुस्ती करावी लागत असेल तर स्टिअरिंगचा बॉक्स आणि त्याचे सांधे पाहावे लागतील. मागचे टायर आतल्या कडेने खाल्ले गेले असतील तर त्या पाच दांड्यांचे बुश, म्हणजे सांध्यांतले रबरी तुकडे, गेले आहेत. काम अवघड नाही, पण एकाच वेळी दोन्ही बाजूंचे करावे. एसी मात्र गांभीर्याने तपासा. कूलिंग कॉइल गळत असेल तर सगळा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो, ते दोन-तीन दिवसांचे काम आहे, आणि कॉइलपेक्षा मजुरी जास्त होते. अर्धा तास एसी चालवून गारवा टिकतो का ते पाहा.

कागदांबाबत थोडक्यात: पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. सध्याची मुदत कधी संपते ते आरसीवर पाहा, आणि पुढच्या नूतनीकरणाचे शुल्क व फिटनेसची अट सांगलीच्या आरटीओत स्वतः विचारून घ्या, कारण जुन्या वाहनांची शुल्के अलीकडे वाढली आहेत. दिल्ली परिसरात ही गाडी नेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. तिथे इतक्या जुन्या डिझेल गाड्यांवर बंधने आहेत.

आता तिसरा प्रश्न, आणि इथे मी जरा परखड लिहितो. घरातली एकमेव गाडी म्हणून ही घेऊ नका. गाडी वाईट आहे म्हणून नव्हे. एखादा सुटा भाग जर्मनीहून किंवा मुंबईहून यायला तीन आठवडे लागले तर त्या तीन आठवड्यांत आपले काम अडेल, मग आपण घाईत हाताशी असेल तो भाग बसवाल, आणि या गाड्यांचा नाश बहुतांशी अशाच घाईने झालेला मी पाहिला आहे. दुसरे कारण सुरक्षिततेचे. तिच्या काळात ही गाडी पुष्कळ पुढे होती, पण घसरण आवरणारी जी ईएसपी यंत्रणा आज सामान्य गाड्यांतही मिळते ती याच कंपनीने बॉशबरोबर १९९५ मध्ये प्रथम आपल्या महागड्या कूपेत दिली. आपल्या गाडीत ती नाही, बाजूच्या एअरबॅगही नाहीत. रोज मुलाबाळांना घेऊन महामार्गावर जाण्यासाठी आजची बरी गाडीच योग्य. महिन्यातून दोन-तीनदा पुण्याला, पावसाळ्याबाहेर, वेळेची घाई नसताना जायचे असेल तर हिच्याइतका शांत प्रवास मला दुसऱ्या गाडीत क्वचितच मिळाला आहे. खंबाटकीचा चढ ती सावकाश चढते, पण ज्या सुराने चढायला लागते त्याच सुराने वर पोचते.

पैशांचा माझा नेहमीचा हिशेब असा: गाडीच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवता येत असेल तरच व्यवहार करावा. सर्व द्रवपदार्थ, सर्व रबरी नळ्या, इंजिनाची माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्टच्या रबरी चकत्या, ब्रेकच्या नळ्या आणि टायर एकदा नव्याने करून घेतले की पुढची चार-पाच वर्षे खर्च आटोक्यात राहतो. टायर दिसायला चांगले असले तरी त्यांच्या बाजूवरचे उत्पादनाचे वर्ष वाचा. एकाच मालकाकडे कमी फिरलेल्या गाडीत ते हमखास जुने सापडतात. फार उभी राहिलेली गाडी फार फिरलेल्या गाडीपेक्षा मला नेहमी जास्त काळजीत टाकते, आणि १ लाख ३८ हजार हा आकडा खरा असेल तर आपली गाडी बराच काळ उभी होती.

त्यामुळे माझा सल्ला असा की, गंज नसेल, किल्ली बंद करताच इंजिन थांबत असेल, झाकण जागेवर राहत असेल आणि पावत्यांची फाइल असेल, तर एसी आणि बुश यांचा खर्च किमतीतून वजा करून मागा आणि गाडी घ्या. यातला गंज एकट्यानेच व्यवहार मोडायला पुरेसा आहे. बाकी सर्व दुरुस्त होते. सकाळी थंड इंजिनाची चाचणी झाल्यावर धुराचा रंग, किल्ली बंद केल्यावरची सेकंदे, इंजिन क्रमांकाचे पहिले तीन आकडे आणि चार बुचांखालचे फोटो एवढे मला कळवा. त्यावरून किती रक्कम वजा करायची ते मी आकड्यांत सांगेन.